विश्लेषण: शिसवी पेन परदेशी जातं, पण त्याच लाकडाचा ठोकळा का अडतो?

हाताने घडवलेल्या लाकडी पेनांचे व्हिडिओ इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर आवडीने पाहिले जातात. लेथवर फिरणारा ठोकळा, उडणारा भुसा आणि शेवटी चकाकणारं पेन. असं पेन परदेशातल्या ग्राहकाला पाठवायचं म्हटलं, की प्रश्न येतो तो लाकूड कोणतं याचा. शिसव असेल, तर थेट एका आंतरराष्ट्रीय कराराशी गाठ पडते.

लाकडी पेन कसं तयार होतं?

साधारण 13 सेंटीमीटर लांब आणि 2 सेंटीमीटर जाडीच्या ठोकळ्याला मधोमध भोक पाडतात. त्यात पितळी नळी चिकटवून ठोकळा लेथवर चढवतात, पटाशीने गोल करतात, पॉलिश पेपरने घासतात आणि तेल, मेण किंवा लाखेचा हात देतात. मग निब, क्लिप आणि टोपण बसतं. शिसवीचा असा ठोकळा सुमारे 40 ते 45 ग्रॅमचा असतो. तयार पेनात त्यातलं 10 ते 15 ग्रॅम लाकूडच उरतं, बाकीचा भुसा होतो.

शिसवावर निर्बंध का आले?

शिसव आणि त्याच्या भाऊबंदांचं शास्त्रीय कुळ म्हणजे डॅलबर्जिया. सह्याद्रीत आढळणारा काळा शिसव, उत्तर भारतातला शिसू, मध्य अमेरिकेतला कोकोबोलो आणि आफ्रिकन ब्लॅकवुड हे सगळे याच कुळातले. जड, घट्ट आणि सुंदर रेषांचं असल्यामुळे पेन बनवणाऱ्यांचं हे आवडतं लाकूड.

तस्करांचंही ते आवडतं. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ व गुन्हेगारी विभागाच्या 2016 च्या अहवालानुसार, 2005 ते 2014 या काळात जगभरात जप्त झालेल्या वन्य मालात किमतीच्या हिशेबाने सर्वाधिक, म्हणजे 35 टक्के वाटा रोझवुडचा होता. हत्तींचा, त्यात हस्तिदंत आलं, वाटा 18 टक्के होता.

2016 मध्ये जोहान्सबर्गला वन्यजीव व वनस्पतींच्या व्यापारावरच्या 'सायटिस' कराराची परिषद झाली. तिथे डॅलबर्जियाचं संपूर्ण कुळ, सुमारे 300 जाती, परिशिष्ट 2 मध्ये टाकण्यात आलं. 2 जानेवारी 2017 पासून नियम लागू झाला. सरसकट सगळ्या जाती घेण्याचं कारण व्यावहारिक होतं. कापलेलं लाकूड पाहून जात ओळखणं कस्टम अधिकाऱ्याला जवळपास अशक्य असतं.

फटका कुणाला बसला?

व्यापारी निर्यातीला परवाना आवश्यक झाला, मग वस्तू पेनाएवढी का असेना. भारतात मोठा फटका शिसूच्या हस्तकलेला बसला. शिसू मुबलक उगवतो, लागवडीखालीही आहे, तरी तो यादीत आला. केंद्र सरकारच्या माहितीनुसार सुमारे 50 हजार कारागिरांच्या उपजीविकेवर परिणाम झाला.

आता नियम काय आहे?

2019 च्या जिनिव्हा परिषदेत सवलत मिळाली. बहुतेक जातींसाठी एका खेपेत त्या लाकडाचं वजन 10 किलोपर्यंत असेल, तर तयार वस्तूंना सायटिस परवाना लागत नाही. पेनांच्या भाषेत हा आकडा साडेसहाशे ते हजार पेनांचा होतो. छोट्या कारागिराला तो पुरून उरतो.

2022 च्या पनामा परिषदेत भारताच्या पाठपुराव्यानंतर शिसूबाबत आणखी खुलासा झाला. शिसूसाठी 10 किलोची मर्यादा संपूर्ण खेपेला नव्हे, तर प्रत्येक वस्तूला धरायची. त्यातही फक्त लाकडाचं वजन मोजायचं, धातूचे भाग सोडून.

मग अडचण कुठे राहते?

सवलत 'तयार वस्तू'ला आहे. घडवलेलं पेन त्यात बसतं, कच्चा ठोकळा बसत नाही. त्यामुळे परदेशातल्या हौशी कारागिराला शिसवी ठोकळे विकायचे, तर खेप लहान असली तरी परवान्याचा प्रश्न येतो. ब्राझिलियन रोझवुड 1992 पासून परिशिष्ट 1 मध्ये असल्याने त्याच्या पेनालाही ही सवलत नाही.

दुसरी अडचण नावाची. बाजारात काळा शिसव आणि शिसू दोन्ही अनेकदा 'शिसम' म्हणूनच विकले जातात. त्यातला काळा शिसव निसर्ग संवर्धनाच्या जागतिक लाल यादीत 'असुरक्षित' गटात आहे. बिलावर नेमकी जात नसेल, तर कोणती मर्यादा लावायची इथूनच वाद सुरू होतो.

शिवाय परवाना नको याचा अर्थ कागदच नको असा नाही. लाकूड कायदेशीर मार्गाने आलं, हे दाखवावं लागू शकतं. त्यासाठी हस्तकला निर्यात प्रोत्साहन परिषदेची 'वृक्ष' ही पडताळणी योजना आहे.

याचा अर्थ काय?

या नियमाने एक गोष्ट कारागिराच्या बाजूने केली आहे. लाकूड जितकं कच्चं, तितकी चौकशी जास्त. हातकाम पूर्ण झालेलं असेल, तर वाट सोपी. म्हणजे घडवण्याची मजुरी इथेच मिळण्याची शक्यता वाढते. मात्र त्याचा फायदा घ्यायचा, तर पेनाच्या डबीत लाकडाची शास्त्रीय जात आणि खरेदीचं बिल जपलेलं हवं. घेणाऱ्यानेही पेनाच्या रंगरूपाबरोबर लाकडाचं नाव विचारलं, तर जंगलावर डल्ला मारून आलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळणं अवघड होईल.