फायबर आणताना घरातला दुसरा पॉइंट मुका करू नका

मा. महाव्यवस्थापक,
भारत संचार निगम लिमिटेड, बेळगाव
यांस,



बेळगाव-निपाणी भागातले तांब्याच्या तारेवरचे फोन आता फायबरवर जात आहेत. जुना नंबर कायम ठेवता येतो, आवाज स्वच्छ येतो, पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरून होणारी खरखर थांबते. या बदलाचे मी स्वागतच करतो. तक्रार आहे ती एका लहानशा गोष्टीची, आणि लहान असल्यामुळेच तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. तांब्याच्या काळात लाइनमन बाहेरच्या खोलीत रोझेट, म्हणजे तारा जोडायची छोटी पेटी, बसवायचा आणि सांगितले की तिथून दोन तारा आत नेऊन माजघरात किंवा माडीवर दुसरा पॉइंट काढून द्यायचा. पॅरलल फोन म्हणतात तो हाच. फायबरची जोडणी मात्र बहुतेक वेळा मोडेमच्या डब्यापाशी संपते. जिथे डबा तिथेच फोन. भिंतीवरचे आतले पॉइंट जागेवर असतात, पण त्यांत आवाज नसतो.

याने काय बिघडते ते इथली घरे पाहिली की कळते. शहापूर, वडगाव, खासबाग भागांतली जुनी घरे तोंडाला अरुंद आणि आत लांबच लांब. रस्त्यालगत सोपा, मग माजघर, मग स्वयंपाकघर, शेवटी परसू. विणकरांच्या कित्येक घरांत याच ओळीत मागाची खोलीही असते. यंत्रमाग चालू असताना सोप्यातल्या फोनची घंटा तिथवर पोचत नाही. माग थांबवून पुढे धावत जावे, तोवर फोन बंद झालेला. व्यापाऱ्याची मागणी, सुताची चौकशी, सगळे अशा घंटेवर अवलंबून. निपाणीत तंबाखूची वखार आणि राहते घर एकाच आवारात असेल तर तिथेही हाच प्रश्न. मुले पुण्या-मुंबईला किंवा बेंगळुरूला गेल्यावर मागे उरलेल्या म्हाताऱ्या माणसांचा विचार तर सर्वांत आधी व्हायला हवा. गुडघे धरलेल्या बाईला पलंगापासून सोप्यापर्यंत चालत नेणारा फोन तिच्या उपयोगाचा नाही. तिच्या उशाशी दुसरा पॉइंट हवा.

मोबाइल असताना हे कशाला, असे कोणीही विचारेल. देशात मोबाइलची संख्या शंभर कोटींच्या वर आहे आणि तारेचे फोन त्यांच्यापुढे मूठभर, हे मला मान्य आहे. पण सीमाभागात मोबाइलचे दुखणे निराळे आहे. दूधगंगेच्या एका तीराला कोगनोळी, दुसऱ्या बाजूला कागल. नदी राज्याची हद्द मानते, टॉवरच्या लहरी मानत नाहीत. घरात बसल्या जागी फोन कधी कर्नाटकाचा टॉवर धरतो, कधी महाराष्ट्राचा. रोमिंगचा भुर्दंड पूर्वी याच गावांनी सोसला. आपल्या निगमने 15 जून 2015 पासून देशभर रोमिंगमध्ये येणारे कॉल मोफत केले तेव्हा खरा दिलासाही इथेच मिळाला. पैशाचा प्रश्न मिटला तरी जाड भिंतींच्या माजघरात रेंज जाणे मिटलेले नाही. शिवाय मोबाइल एका माणसाचा असतो, तारेचा फोन घराचा. घरात जो असेल तो उचलतो.

दुसरा आक्षेप आपल्या खात्याकडून येईल: आमची जबाबदारी दारापर्यंत, आतले वायरिंग ग्राहकाचे. हा मुद्दा हलका नाही. एके काळी यंत्रही खात्याचे, तारही खात्याची होती. अमेरिकेत 1968 च्या कार्टरफोन निकालाने कंपनीच्या लाइनला ग्राहकाचे यंत्र जोडण्याचा मार्ग मोकळा झाला आणि पुढे घरातली तारही ग्राहकाकडे गेली. पण कंपनीची हद्द कुठे संपते आणि घराची कुठे सुरू होते, हे दाखवणारी पेटीही तिथे भिंतीवर आली. आपल्याकडे ही हद्द म्हणजे मोडेमच्या डब्यावरची फोनची खाच. ती हद्द आहे हे ग्राहकाला कोणी सांगत नाही, म्हणून घरभर वायरिंग असूनही ते वाया जाते.

ते जिवंत करायला भिंत फोडावी लागत नाही. जुना रोझेट उघडायचा, बाहेरून आलेली तांब्याची जोडी त्यातून पूर्णपणे सोडवायची, आणि डब्याच्या फोनच्या खाचेतून आणलेली वायर तिच्या जागी जोडायची. एवढ्याने आतले पॉइंट पुन्हा बोलू लागतात. बाहेरची जोडी सोडवणे विसरायचे नाही, कारण त्या तारेवर एक्स्चेंजचे 48 व्होल्ट असू शकतात आणि ते डब्यात शिरले तर डबा बिघडण्याची भीती असते. म्हणूनच हे काम घरमालकाच्या स्क्रू-ड्रायव्हरवर न सोडता जाणत्या माणसाने करावे. एका डब्यावर किती घंटा वाजतील यालाही मर्यादा आहे. दोन-तीन फोनांचे मात्र सहसा अडत नाही. कॉर्डलेस घ्या असा सल्ला मिळतो, पण त्याच्या बेसला वीज लागते आणि चिऱ्याच्या दोन-तीन भिंतींपलीकडे तोही गळतो.

विजेचा मुद्दा मी टाळणार नाही. तांब्याच्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीतून वीज मिळे, घरात अंधार असला तरी तो वाजे. फायबरचा डबा घरच्या विजेवर चालतो. ती गेली की सगळे पॉइंट एकदम गप्प. 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि 2021 च्या जुलैत वेदगंगेचे पाणी यमगर्णीजवळ महामार्गावर आले. अशा दिवसांत वीज आणि फोन एकदम जाणे परवडत नाही. बहुतेक डबे 12 व्होल्टवर चालतात, त्यांना पुरणारी छोटी बॅटरी बाजारात मिळते. जोडणीच्या वेळीच ती दाखवावी, घ्यायची की नाही हे ग्राहक ठरवील.

माझी मागणी एवढीच की, फायबरच्या अर्जात एक रकाना वाढवावा: घरात जुने पॉइंट आहेत का, आणि त्यांतले कोणते चालू करून हवेत? कामाचे दर ठरवून अर्जावरच छापावेत. फुकट कोणी मागत नाही. हा रकाना कन्नडसोबत मराठीतही असावा, म्हणजे ज्या आजीच्या उशाशी फोन हवा आहे तिला तो स्वतः वाचून भरता येईल. सुरुवात निपाणी आणि शहापूरपासून करता येईल. जुने लाइनमन निवृत्त होण्याआधी ती करावी, कारण कोणत्या घरात कोणती तार कुठून गेली आहे हे आज त्यांनाच ठाऊक आहे.

कळावे,
बेळगावचा एक ग्राहक