बाबा मर्झूगची अर्धी गोष्ट

मागच्या महिन्यात आमच्या मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत एका मुलाने मला मोबाईलवर एक रील दाखवली. उसळता समुद्र, गलबतं, लाल दाढीचा खैरुद्दीन बार्बारोसा आणि मागे नगारे. "सर, हे आपले लोक. युरोप थरथर कापायचा यांना," तो म्हणाला. शेजारी बसलेल्या मुलीने लगेच स्वतःचा फोन पुढे केला. तिच्या व्हिडिओतही तेच अल्जिअर्स शहर होतं, पण सांगणं उलटं: मुसलमान म्हणजे माणसं विकणारे समुद्री लुटारू, युरोपच्या तोफांनी त्यांना धडा शिकवला. "मग खरं काय, सर?"

मराठीत समुद्री लुटारूला 'चाचा' म्हणतात. हे आमच्या घरात सांगितलं की आजही सगळे हसतात. अल्जिअर्सच्या शासकाला 'डे' म्हणत, तो शब्द तुर्की 'दायी'वरून आला, म्हणजे मामा. चाचा काय, मामा काय, नात्यातलेच सगळे! पण मला बोलायचं आहे ते या दोन्ही व्हिडिओंत न दिसलेल्या लोकांबद्दल.

अल्जिअर्सचं मूळ नाव अल-जझाइर, म्हणजे बेटं. किनाऱ्यासमोरच्या एका बेटावर स्पेनने किल्ला बांधला होता. १५२९ मध्ये खैरुद्दीनने तो घेतला आणि बेटांना किनाऱ्याशी जोडणारा धक्का बांधला. त्यातून बंदर तयार झालं. मागे टेकडीवर चढत जाणारी पांढरी घरं, तो कसबा. समुद्रावरून बघितलं तर अख्खं शहर पायऱ्यांसारखं समोर मांडलेलं. देखणं खरं, पण गलबतावरच्या तोफखान्यालाही तितकंच सोयीचं. १५४१ मध्ये सम्राट पाचवा चार्ल्स प्रचंड आरमार घेऊन आला, तेव्हा ऑक्टोबरच्या वादळाने त्याची जहाजं फोडली. त्यानंतर हे शहर अजिंक्य आहे, असं तिथले लोक मानू लागले.

तो समज १६८२ मध्ये संपला. चौदाव्या लुईचा दर्यासारंग द्युकेन नव्या प्रकारची जहाजं घेऊन आला, त्यांच्यावर उखळी तोफा बसवलेल्या होत्या. साधी तोफ भरीव गोळा समोरच्या तटावर मारते. उखळी तोफ स्फोटक बॉम्ब उंच उडवते, तो तट ओलांडून आत पडतो, घरांवर, गल्ल्यांत, मशिदींवर. तटावरच्या सैनिकाशी लढायची गरजच उरत नाही. घरं पाडा, लोक घाबरतील, तेच आपल्या राज्यकर्त्याला गुडघ्यावर आणतील, असा हा हिशोब. आज साडेतीनशे वर्षांनंतर हा हिशोब तुम्हाला ओळखीचा वाटला तर नवल नाही.

पुढच्याच वर्षी द्युकेन परत आला. डे बाबा हसनने तहाची बोलणी सुरू केली, शेकडो कैदी सोडले आणि ओलीस दिले. त्या ओलिसांत मेझोमोर्तो हुसेन नावाचा एक कप्तान होता. मला किनाऱ्यावर जाऊ द्या, काम लवकर करून देतो, असं सांगून तो सुटला, बाबा हसनला मारवलं, स्वतः डे झाला आणि लढाई पुन्हा पेटवली. बॉम्ब पडत राहिले. चिडलेल्या शहराने सूड घेतला तो झाँ ल वाशे या फ्रेंच वकिलावर. हा म्हातारा पाद्री कित्येक वर्षं ट्युनिस आणि अल्जिअर्समधल्या कैद्यांची सेवा करत होता. त्याला तोफेच्या तोंडाशी बांधून उडवलं गेलं. त्याच्यामागोमाग इतर फ्रेंच माणसांनाही.

ती तोफ म्हणजे बाबा मर्झूग. १५४२ मध्ये ओतलेली, सुमारे सात मीटर लांबीची. अल्जिअर्सच्या लेखी शहराची राखणदार, फ्रेंचांच्या लेखी वकिलाचा जीव घेणारी.

१६८८ मध्ये फ्रेंच पुन्हा आले. या वेळी सुमारे दहा हजार बॉम्ब टाकले गेले आणि पुन्हा फ्रेंच वकील मारला गेला. पुढच्या वर्षी तह. १७८३ आणि १७८४ मध्ये स्पेनने शहर भाजून काढलं, आणि शेवटी तहच केला, तोही पैसे मोजून. म्हणजे ज्या कारणाने बॉम्ब टाकले, ते काम बॉम्बने एकदाही कायमचं झालं नाही.

आता १८१६ बद्दल सविस्तर, कारण त्या मुलीच्या व्हिडिओत हेच वर्ष होतं. २७ ऑगस्टला लॉर्ड एक्समथच्या इंग्रज ताफ्याने डच जहाजांना सोबत घेऊन सुमारे नऊ तास मारा केला. मागणी होती ख्रिस्ती गुलामांच्या सुटकेची, आणि ती मान्य झाली. हजाराहून जास्त माणसं लगेच सुटली. ही गोष्ट मी लपवणार नाही, तुम्हीही लपवू नका. अल्जिअर्सच्या कप्तानांनी खरोखर गावं लुटली, माणसं पळवली. १६३१ मध्ये आयर्लंडमधलं बाल्टिमोर हे गाव एका रात्रीत उचललं, बायका-पोरांसकट. 'डॉन किहोते' लिहिणारा सर्वांतेस इथे पाच वर्षं कैदेत होता. समोरच्या बाजूला माल्टाचे ख्रिस्ती सरदार मुसलमानांना पकडून विकत होते, लुईच्या गलबतांवर विकत घेतलेले मुसलमान वल्ही मारत होते, हेही खरं. पण म्हणून बाल्टिमोरच्या त्या बायकांचं दुःख कमी होत नाही.

मात्र त्याच १८१६ सालच्या एप्रिलमध्ये इंग्रजांच्या बार्बाडोस बेटावर बुसाच्या नेतृत्वाखाली काळ्या गुलामांनी उठाव केला. तो इंग्रज फौजेने चिरडला. चार महिन्यांनी त्याच साम्राज्याचं आरमार गुलामी मिटवायला अल्जिअर्सला पोचलं. आपल्या वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा कायदा ब्रिटनने केला १८३३ मध्ये. आणखी एक गोष्ट. इंग्रज बाजूचे मृत जहाजवार मोजलेले आहेत, १२८. अल्जिअर्सच्या मृतांचे अंदाज मात्र काहीशेपासून काही हजारांपर्यंत पसरलेले. कसब्यातल्या त्या घरांत अरब होते, कबाइली होते, ज्यू होते, स्पेनमधून हाकललेल्या मोरिस्कोंचे वंशज होते. यांपैकी किती जणांनी आयुष्यात गलबतावर पाय ठेवला असेल?

'चाचा' हा शब्द कोण कुणाला लावतो, हे आपल्या किनाऱ्यावरही घडलेलं आहे. मराठ्यांचे सरखेल आंग्रे इंग्रजांच्या कागदांत 'पायरेट' होते, आणि १७५६ मध्ये विजयदुर्गावर इंग्रज आरमाराने तोफा डागल्या त्या तेच नाव पुढे करून. शाळेच्या पुस्तकात आपण आंग्र्यांना चाचे म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. अल्जिअर्सबद्दल वाचतानाही एवढी सावधगिरी ठेवायला काय हरकत आहे?

शेवटचा हल्ला १८३० चा, आणि त्याची सुरुवात गव्हाच्या उधारीत आहे. १७९० च्या दशकात फ्रान्सने अल्जिअर्समधल्या दोन ज्यू व्यापारी घराण्यांमार्फत गहू घेतला, त्याचे पैसे वर्षानुवर्षं थकले. १८२७ मध्ये डे हुसेनने जाब विचारला, फ्रेंच वकील उर्मटपणे बोलला, तेव्हा डेने हातातला माश्या हाकलायचा पंखा त्याला मारला. अपमान झाला म्हणून तीन वर्षं नाकेबंदी, मग स्वारी. या वेळी फ्रेंच सैनिक बंदरासमोर उतरले नाहीत. पश्चिमेला सीदी फरजला उतरले आणि जमिनीवरून चालून आले. ५ जुलैला शहर शरण गेलं. धर्माला हात लावणार नाही, असं वचन करारात लिहिलेलं होतं. दोन वर्षांत केचावा मशिदीचं चर्च झालं. ती पुन्हा मशीद झाली १९६२ मध्ये, स्वातंत्र्यानंतर.

बाबा मर्झूग मात्र परतली नाही. लूट म्हणून फ्रान्सला नेलेली ती तोफ ब्रेस्टच्या नाविक तळावर खांबासारखी उभी केली आहे, वर फ्रान्सचा कोंबडा बसवून. अल्जेरियातले लोक बरीच वर्षं ती परत मागत आहेत. माझं मत स्पष्ट आहे, ती परत द्यायला हवी. दुसऱ्याच्या घरातून उचललेली वस्तू अंगणात मिरवायची नसते. पण ती अल्जिअर्सच्या धक्क्यावर उभी राहील तेव्हा तिच्या पाटीवर झाँ ल वाशेचं नावही असावं, असंही मला वाटतं. कैद्यांना औषधपाणी देणाऱ्या म्हाताऱ्याला तिच्या तोंडाशी बांधलं गेलं, तेही त्याच्या राजाने केलेल्या गुन्ह्यासाठी. आणि त्या पाटीवर १६८३ मध्ये शहरावर पडलेले बॉम्बही असावेत.

मी हे सगळं त्या दोघांना सांगितलं. मुलगा थोडा हिरमुसला. मुलगी म्हणाली, "सर, एवढं रीलमध्ये मावणार नाही." मग दोघांनी मिळून नकाशावर ब्रेस्ट कुठे आहे ते शोधलं.