झोपाळ्याची करकर

‘शोले’ वर्ध्याला लागला तेव्हा मी चौदा वर्षांचा होतो. बसंतीच्या टांग्यामागे गब्बरची माणसं लागतात, घोडी उधळते आणि टापांच्या जोडीला तबला सुरू होतो. तो बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं, की पडद्यावर काय चाललंय त्याकडे माझं लक्षच नाही, मी फक्त बायाँ, म्हणजे डग्गा, ऐकतो आहे. त्याच आठवड्यात वडिलांच्या मागे लागून तबल्याचा क्लास लावला. आज मी स्वतः तबला शिकवतो, आणि डाकूंच्या सिनेमातल्या संगीताबद्दल मला जे म्हणायचं आहे ते त्या टांग्यातूनच सुरू होतं.

पाठलागाला ठेका असतोच. पळणाऱ्याचा श्वास आणि मागे लागलेल्याचा श्वास यांची लय खरोखर एक होते, म्हणून तिथे तबला शोभतो. गब्बरच्या वाट्याला राहुलदेव बर्मन यांनी वेगळं काही दिलं. बासू चक्रवर्तींचा तो चेलो खर्जात असा घासत येतो, की माणूस दिसायच्या आधी भीती येऊन बसते. जयला माउथ ऑर्गन मिळाला. मग ठाकूरला काय मिळालं? बलदेवसिंग ठाकूर हा या गोष्टीतला पोलीस. गब्बरला पहिल्यांदा पकडणारा तोच. त्याच्या घरातली माणसं मारली जातात, आणि त्या अंगणात ऐकू येते ती रिकाम्या झोपाळ्याची करकर. मी तो प्रसंग किती वेळा पाहिला ते सांगता येणार नाही. साऱ्या सिनेमात मला सगळ्यांत मोठं संगीत तेच वाटतं, आणि ते एकाही वाद्यावर वाजवलेलं नाही.

या गब्बरची मुळं चंबळच्या खोऱ्यात आहेत. भिंडकडचा गब्बरसिंग लोकांची नाकं कापायचा. १९५९ च्या नोव्हेंबरात तो पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. तेव्हा मध्य प्रदेशचे पोलीस महानिरीक्षक होते के. एफ. रुस्तमजी, आपल्या कामठीत १९१६ साली जन्मलेले. त्याआधी ते पंतप्रधान नेहरूंचे सुरक्षा अधिकारी होते. गब्बर मेल्याची बातमी त्यांनी नेहरूंच्या वाढदिवशी त्यांना कळवली होती. पटकथा लिहिणाऱ्या जोडीतल्या सलीम खान यांचे वडील मध्य प्रदेश पोलिसांत होते, तिथूनच हे नाव सिनेमात आलं.

आणि गब्बर मेल्यावर सहाच महिन्यांनी, १९६० च्या मे महिन्यात, त्याच मुलखात आपल्या पवनारचे विनोबा पायी पोचले. १९५१ च्या सप्टेंबरात धाम नदीकाठचा आश्रम सोडून निघालेले विनोबा १९६४ पर्यंत परतले नव्हते. चंबळमध्ये त्यांच्यासमोर वीसएक बागींनी बंदुका ठेवल्या. तिकडे डाकू म्हणत नाहीत, बागी म्हणतात. रुस्तमजींना हे पटलं नाही आणि त्यांनी ते उघडपणे सांगितलं. शिपाई मेले होते, गावंच्या गावं लुटली गेली होती, आणि आता खुन्यांच्या गळ्यात हार पडणार, ही पोलिसांची वेदना होती. पवनार ते कामठी हे अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. इतक्या जवळच्या मातीतली दोन माणसं चंबळमध्ये समोरासमोर आली, आणि मला दोघंही खरी वाटतात. विनोबांवर माझी श्रद्धा आहे, ती वर्ध्यात वाढलेल्या माणसाला वेगळी सांगावी लागत नाही. पण रुस्तमजींना बाजूला सारणं मला जमत नाही. पुढे याच माणसाने सीमा सुरक्षा दल उभारलं. पोलीस आयोगावर असताना बिहारच्या तुरुंगांत वर्षानुवर्षं खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांबद्दल त्यांनी लिहिलं, आणि त्यातून १९७९ चा हुसैनारा खातून खटला उभा राहिला.

सिनेमाने या दोघांपैकी एकालाच, विनोबांच्या बाजूलाच, गाणं दिलं. ‘जिस देश में गंगा बहती है’ हा शरण येणाऱ्या डाकूंचा सिनेमा त्याच सुमाराचा. दिग्दर्शक राधू कर्माकर, संगीत शंकर-जयकिशन. मी तो गणपतीत चौकातल्या पांढऱ्या कापडावर पाहिला, अर्धा पुढून, अर्धा मागून. राज कपूर हातात डफ घेऊन आला तेव्हा आमच्या शेजारची आजी म्हणाली, “थेट तुकडोजी महाराजांसारखा हाय रे हा.” आमच्याकडे खंजिरी ऐकतच माणसं म्हातारी होतात, त्यामुळे तिला तो परका वाटलाच नाही. शेवटी बायकापोरांसह टोळी शरण यायला निघते. समोर पोलीस. व्हायोलिन वर वर चढत जातात, कोरस उसळतो, आणि चौकातल्या सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. शंकर-जयकिशनच्या वाद्यमेळाची रचना गोव्याचे सेबॅस्टियन डिसोझा करत. त्या कामापुढे मी आजही हात जोडतो. पण त्या स्वरांच्या लाटेत समोरचा पोलीस नुसती खाकी रांग होऊन जातो. त्याच्या मनात काय चाललंय, त्याने कोणाला गमावलंय, हे सांगायला एकही व्हायोलिन नाही.

अमेरिकेतही हेच झालं. बॉनी आणि क्लाइड या लुटारू जोडीला १९३४ च्या मे महिन्यात फ्रँक हेमर या पोलीस अधिकाऱ्याच्या पथकाने गोळ्या घातल्या. १९६७ च्या सिनेमात त्या दोघांच्या पळापळीवर खळखळता बँजो वाजतो आणि आपण नकळत त्यांच्या गाडीत जाऊन बसतो. मारल्या गेलेल्या शिपायांच्या घरची माणसं तो बँजो कसा ऐकत असतील? २०१९ मध्ये तीच गोष्ट ‘द हायवेमन’मध्ये हेमरच्या बाजूने आली. थॉमस न्यूमनचं संगीत तिथे दबक्या पावलांनी चालतं, दमलेल्या म्हाताऱ्या माणसासारखं. गोष्ट तीच, पण वाद्य बदललं आणि आपली बाजू बदलली. संगीतकाराच्या हातात एवढी ताकद असते, म्हणून त्याच्यावर जबाबदारीही तेवढीच येते असं मी मानतो.

त्याच २०१९ मध्ये अभिषेक चौबे यांचा ‘सोनचिडिया’ आला, १९७५ च्या चंबळचा. मागे लागलेला पोलीस अधिकारी त्यात आशुतोष राणांनी केला आहे. गाणी विशाल भारद्वाज यांची, पार्श्वसंगीत नरेन चंदावरकर आणि बेनेडिक्ट टेलर यांचं. राजस्थानच्या मामे खानचा आवाज त्या खोऱ्यातून येतो तेव्हा तो कोणाची बाजू घेत नाही, नुसता विलाप करतो. डाकूंच्या सिनेमात मला इतकं स्वच्छ संगीत क्वचित ऐकायला मिळालं.

आता मात्र उलटी लाट आहे. पोलिसाने चष्मा लावला की ढोल, गाडीतून उतरला की भोंगे, गोळी झाडली की गिटार. माझे विद्यार्थी या पार्श्वसंगीताला ‘बीजीएम’ म्हणतात आणि मोबाइलवर वाजवून दाखवतात. आधी डाकूला डोक्यावर घेतलं, आता शिपायाला देव करतो आहोत. दोन्हीकडे मेलेल्या माणसाचा आवाज दबतो, आणि हे मला सहन होत नाही. पाठलागावर हवा तेवढा तबला वाजवा. माणूस पडला की हात उचला.

रुस्तमजी आणि विनोबा यांच्यावर कोणी सिनेमा केला तर त्याचं संगीत कसं असावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विनोबांच्या पदयात्रेतल्या सभांत मौन प्रार्थना असायची. हजारो माणसं एका वेळी गप्प बसायची. तो गप्पपणा ध्वनिमुद्रित करता आला पाहिजे, त्यात कुठे पोर रडतं, कुठे बैलाची घंटा वाजते, तसाच. आणि रुस्तमजींसाठी काय, हे मात्र मला अनेक दिवस सुचत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात वर्गात मुलांना ठाकूरच्या अंगणातला तो प्रसंग डोळे मिटून ऐकवला. झोपाळ्यापाशी वर्ग शांत झाला. मग सातवीतला एक मुलगा बोलला. त्याचे वडील पोलीस शिपाई आहेत. “सर, बाबा मले एकदा रातच्या ड्युटीवर गाडीत घेऊन गेले होते. गाडीत कोनीच बोलत नाही. वायरलेस खरखर करते, बस. अन् मंग ते बंद झालं का सगळे तिकडेच पाहातेत.”

मी त्याला म्हटलं, तेवढंच वाजव. त्याने बायाँ पुढे ओढला. थाप दिली नाही, तळहात नुसता पुडीवर घासत राहिला, हळूहळू, आणि मध्येच थांबला. वर्गातल्या सगळ्या मुलांनी त्याच्या हाताकडे पाहिलं.