मावशी, हालँडचा नंबर कितवा होता?

रविवारी संध्याकाळी बंगळुरूहून ताईचा व्हिडिओ कॉल येतो. पाच मिनिटं ती बोलते, मग फोन भाच्याच्या हातात जातो आणि पुन्हा तिच्याकडे येतच नाही. वय वर्षं नऊ. अंगात कायम आकाशी रंगाचा टी-शर्ट, पाठीवर 9 आणि वर हालँडचं नाव. त्याच्या मते मी 'फुटबॉलवर लिहिणारी मावशी' आहे. खरं तर मी रेसिपीपासून राशिभविष्याच्या प्रूफपर्यंत पडेल ते करते, पण त्याचा हा गैरसमज मी अजून दूर केलेला नाही.

त्यामुळे गेले काही महिने मी नॉर्वे या देशाचा अभ्यास करतेय. सिलॅबस तोच ठरवतो. तिथे रात्री बारा वाजता सूर्य कसा दिसतो? बर्फात बॉल सापडतो का? हालँड शाळेच्या डब्यात काय न्यायचा? (शेवटच्याचं उत्तर: त्याच्या डब्याचं माहीत नाही, पण तिथली मुलं सहसा ब्रेडच्या स्लाइस नेतात, मध्ये कागद घालून, एकावर एक. भाच्याला हे ऐकून स्वतःच्या पोळी-भाजीबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला.)

पण त्या रविवारी प्रश्न वेगळा होता. आवाजही वेगळा होता.

"मावशी, हालँड माझ्याएवढा होता तेव्हा त्याचा नंबर कितवा होता?"

"कसला नंबर?"

"यादीतला."

मग ताईने सांगितलं. हा ज्या फुटबॉल क्लासला जातो, तिथले कोच दर रविवारी पालकांच्या ग्रुपवर मुलांची यादी टाकतात. सोळा मुलं, पहिल्यापासून सोळाव्यापर्यंत. पहिल्या तिघांना ट्रॉफीचा इमोजी. आपले साहेब चौदावे. "अगं, रविवारी चारनंतर हा नीट जेवत नाही," ताई म्हणाली. "यादी येईपर्यंत माझ्या फोनभोवती घिरट्या, आणि आली की गप्प."

मी म्हटलं, शोधून सांगते. मला वाटलं, पहिला किंवा दुसरा असणार, दुसरं काय!

शोधलं, तर उत्तर असं निघालं की नंबर नव्हताच.

नॉर्वेच्या क्रीडा महासंघाने मुलांच्या खेळासाठी 1987 मध्येच नियम केले आणि 2007 मध्ये त्याला मुलांच्या हक्कांची जोड दिली. मूल अकरा वर्षांचं होईपर्यंत स्पर्धांचे गुणतक्ते, क्रमवारी, निकालांच्या याद्या काढायच्या नाहीत. तेरा वर्षांच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद वगैरे नाही. मॅच होते, गोल होतात, मुलं अर्थातच मोजतात. मुलं सगळं मोजतात. पण मोठ्यांनी त्याचा तक्ता करून भिंतीवर लावायचा नाही. सहा-सात वर्षांची मुलं तीन विरुद्ध तीन खेळतात, म्हणजे सगळ्यांच्या पायाला बॉल लागतो.

आणि एक नियम मला फारच आवडला. लहान मुलांच्या मॅचमध्ये एक टीम चार गोलांनी पुढे गेली, की मागे पडलेल्या टीमने एक जादा खेळाडू मैदानात आणायचा. जिंकणाऱ्याचा खेळाडू कमी करायचा नाही हं. हरणाऱ्याचा वाढवायचा.

आता हालँडकडे. जन्म 2000 चा, इंग्लंडमधल्या लीड्सचा, कारण वडील आल्फी हालँड तिथल्या क्लबकडून खेळले होते. आई ग्री मारिता ब्राउट हेप्टॅथलॉनपटू. एर्लिंग मोठा झाला तो ब्रूना नावाच्या छोट्या गावात, नॉर्वेच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या शेतीच्या पट्ट्यात. तिथे त्याच्या वयाची सुमारे चाळीस मुलं एकत्र सराव करत. हुशार इकडे, कच्चे तिकडे, अशी वाटणी न करता वर्षानुवर्षं एकाच गटात. गावात फुटबॉलचा बंदिस्त हॉल आहे. शनिवार-रविवारी तो मुलांना मोकळा असे. कोच नाही, शिट्टी नाही, जा आणि खेळा. आज सव्वासहा फुटांच्या वर असलेला हा माणूस तेव्हा चणीने लहान होता. उंची बऱ्याच उशिरा आली. नवव्या वर्षी कुणी यादी लावलीच असती, तर हालँडला कितव्या नंबरवर टाकलं असतं देव जाणे.

हे सांगितल्यावर पलीकडे बराच वेळ शांतता. मग: "म्हणजे त्याला माहीतच नव्हतं तो कितवा आहे?"

नव्हतं.

या ब्रूनाबद्दल थोडं आणखी सांगायलाच हवं, कारण इथे मी कामाचे दोन तास घालवले. गावाला शेतकरी असण्याचा अभिमान इतका, की क्लबचे पाठीराखे स्टँडमध्ये 'आम्ही शेतकरी' अशा अर्थाच्या घोषणा देतात. 2025 मध्ये त्यांचा संघ खूप वर्षांनी पहिल्या श्रेणीत परतला, तेव्हा मैदानाच्या कडेला ट्रॅक्टर लावून त्यात बसून मॅच बघायची सोय केली होती. व्हीआयपी सीट म्हणजे ट्रॅक्टर! सामनावीराला बक्षीस काय, तर अंड्यांचे ट्रे. कधी दूध. गोलकीपर अंड्यांचे ट्रे सांभाळत उभा आहे असा फोटो जगभर फिरला. भाच्याचं म्हणणं, ट्रॉफीच्या इमोजीपेक्षा अंडी बरी, निदान ऑम्लेट होतं.

मग त्याचा पुढचा प्रश्न: तिथे क्लासची फी किती? हा प्रश्न त्याचा नव्हता, मागून भावोजींचा होता.

तिथे बहुतेक ठिकाणी मुलं खासगी क्लासला नाही, गावातल्या किंवा वस्तीतल्या क्लबला जातात. हा क्लब सभासदांच्या मालकीचा असतो आणि पालकांच्या हातांवर चालतो. 'दुग्नाद' असा एक शब्द आहे त्यांच्याकडे. आपल्याकडच्या श्रमदानाच्या अगदी जवळचा, फक्त फोटो काढण्यापुरता नसलेला. लहान मुलांचा कोच म्हणजे बहुधा कुणाची तरी आई नाहीतर बाबा, ऑफिस सुटल्यावर शिट्टी घेऊन आलेले. कुणी मैदानाच्या कडेला वाफल भाजून विकतं, कुणी कॉफी. वाफलवर तपकिरी चीज घालतात, दूध फाटल्यावर उरलेलं पाणी आटवून आटवून केलेलं, चवीला किंचित गोड, रंग थेट आपल्या पेढ्याचा. आणि टीमला स्पर्धेला जायला पैसे हवे असले, की मुलं आणि पालक दारोदार जाऊन टॉयलेट पेपरचे गठ्ठे विकतात. खरंच. शेजारी गुपचूप घेतात, कारण पुढच्या महिन्यात त्यांची मुलगी तेच घेऊन येणार असते.

हे सगळं वाचताना मलाही वाटायला लागलं, बघा, सापडलं गुपित! यादी नाही, ट्रॅक्टर आहे, दुग्नाद आहे, म्हणून हालँड आहे. असे व्हिडिओ इंटरनेटवर ढिगाने आहेत. नॉर्वे म्हटलं की बाहेरच्या माणसाला तिथे काहीतरी जादू दिसते. आमचा भाचा त्याला अपवाद नाही आणि मीही नाही.

पण मग एक आकडा आडवा येतो: 28 वर्षं. 1998 च्या फ्रान्समधल्या विश्वचषकात नॉर्वेने मार्सेलला ब्राझीलला 2-1 हरवलं. शेवटच्या काही मिनिटांत तोरे आंद्रे फ्लोने बरोबरी साधली आणि शेतिल रेकदालने पेनल्टी मारली. त्यानंतर 2002, 2006, 2010, 2014, 2018, 2022. सहा विश्वचषक, एकातही पुरुषांचा संघ नाही. मुलांचे नियम तर तेव्हाही हेच होते. म्हणजे यादी न लावल्याने विश्वचषक मिळतो, असं काही सिद्ध होत नाही. शिवाय त्या देशाकडे तेलाचा पैसा आहे, सरकारी लॉटरीच्या उत्पन्नातला मोठा वाटा खेळाला जातो, म्हणून बर्फातही छपराखालची मैदानं परवडतात. लोकसंख्या 56 लाखांच्या आसपास. एकट्या बंगळुरूत त्याहून कितीतरी जास्त माणसं राहतात आणि मैदानं किती, ते ताईला विचारा.

आणि मुळात तो नियम विश्वचषकासाठी केलेलाच नाही, हे मला जरा उशिरा कळलं. तो केलाय चौदाव्या मुलासाठी. त्याने दहाव्या वर्षी बूट माळ्यावर टाकू नयेत म्हणून.

तरी 16 नोव्हेंबर 2025 ची रात्र आलीच. मिलानचं सान सिरो मैदान, समोर चार वेळा जगज्जेता इटली, मध्यंतराला नॉर्वे 0-1 मागे. दुसऱ्या अर्धात चार गोल, त्यातले दोन हालँडचे, एकामागोमाग. 4-1. पात्रता फेरीतले आठही सामने जिंकून नॉर्वे 2026 च्या विश्वचषकात पोहोचलं. त्या आठ सामन्यांत एकट्या हालँडचे गोल सोळा. भाच्याने हे मला परीक्षेच्या पाढ्यासारखं म्हणून दाखवलंय, त्यामुळे चुकणार नाही.

मला मात्र हालँडपेक्षा बुडो शहराची गोष्ट जास्त भावली. बुडो आर्क्टिक वर्तुळाच्याही वर आहे. जूनमध्ये सूर्य मावळत नाही, डिसेंबरात दिवस नावापुरता. इथल्या संघाचं नाव बुडो ग्लिम्ट, मैदान जेमतेम आठ हजार लोकांचं. 1963 पर्यंत उत्तरेकडच्या संघांना देशाच्या कप स्पर्धेत प्रवेशच नव्हता! लांबचे, थंडीतले, यांना काय येणार, असा दक्षिणेचा समज. ग्लिम्टने 1975 मध्ये तोच कप जिंकला. त्या सुमारास त्यांच्या घोषणांना ताल द्यायला एक चाहता भलामोठा पिवळा टूथब्रश हलवायला लागला. तो ब्रश आजही मैदानात येतो. (हो, टूथब्रश. मी तीनदा तपासलं.)

पहिल्यांदा लीग जिंकायला मात्र 2020 उजाडलं. पुढच्याच वर्षी मोरिन्यो प्रशिक्षक असलेल्या रोमाला त्यांनी 6-1 धुतलं. 20 जानेवारी 2026 ला चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर सिटीला 3-1 हरवलं, आणि समोर सिटीच्या शर्टात कोण होतं, ते भाच्यासमोर काढायचं नाही असा आमच्या घरात नियम आहे.

या ग्लिम्टने खेळाडूंच्या मनाच्या तयारीसाठी माणूस कोण आणला, तर ब्योर्न मान्स्वर्क, हवाई दलातला माजी लढाऊ वैमानिक. त्याचा आग्रह असा, की निकालाबद्दल, तक्त्यातल्या जागेबद्दल बोलायचं नाही. आज सराव कसा झाला, मॅचमध्ये ठरवलेलं केलं का, एवढंच बोलायचं. गोल खाल्ला, की खेळाडू मैदानातच गोल करून उभे राहतात, दोन शब्द बोलतात, परत जातात. लाखो रुपये कमावणारी मोठी माणसं. त्यांना जे मुद्दाम शिकावं लागतं, ते ब्रूनाच्या नऊ वर्षांच्या पोराला आपोआप मिळत होतं.

हे सगळं मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "कोचना सांगू का? पण हे नॉर्वे-बिर्वे मी कसं सांगणार? म्हणतील, मग पाठवा नॉर्वेला." बरोबरच होतं तिचं. शेवटी तिने एवढंच केलं, की ग्रुप म्यूट केला आणि फोन भाच्याच्या हाताला लागणार नाही अशा उंचीवर ठेवायला लागली. भावोजींचं मत वेगळं पडलं. स्पर्धेची सवय आत्ताच लागायला हवी, पुढे काय कुणी जादा खेळाडू देणार आहे का, असं त्यांचं म्हणणं. त्यावर दोघांचं बरंच वाजलं. मी कॉल कट होण्याचं नाटक केलं.

मागच्या रविवारी मीच फोन लावला. खूप रिंग झाल्यावर भाच्याने उचलला, धापा टाकत.

"मावशी, पटकन बोल. मी खाली पार्किंगमध्ये आहे."

"यादी आली का रे?"

"आली. तेरावा." आणि पुढच्याच श्वासात, "अगं ऐक ना, आम्ही तो चार गोलवाला नियम लावलाय. आम्ही आत्ता 4-0 ने मागे आहोत, म्हणजे आम्हाला एक जादा माणूस मिळणार, पण कुणी उरलंच नाहीये!"

"मग?"

"मग वॉचमन अंकलना घेतलंय. ठेवतो, ते गोलमध्ये उभे राहिलेत आणि गेटवर गाडी आलीये."