शाळेंतून शेडांत

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आमच्या हातीं आलें. त्यांच्या पुतण्यानें डिप्लोमा पुरा केला असून रेल्वेंत सहायक लोको पायलट होण्याचा त्याचा निश्चय आहे. घरांतील वडील मंडळी मात्र म्हणतात, ‘इतकें शिकून शेवटीं इंजिनावरच जावयाचें काय?’ हाच प्रश्न आमच्या घरीं १९५७ सालीं निघाला होता. तेव्हां उपदेश करण्यापेक्षां त्या वेळची हकीकत सांगणें आम्हांस अधिक बरें वाटतें.

आमचें बाळपण तुमसरास गेलें. भंडारा जिल्ह्यांतील हें गांव धानाच्या बाजाराचें. नागपूर-हावडा या मुख्य मार्गावरील स्टेशन गांवांत नाहीं, तें देव्हाडीस. म्हणून त्याचें नांव ‘तुमसर रोड’. (नांवापुढें ‘रोड’ असलेल्या स्टेशनावर उतरतांना बैलगाडीचें भाडें आधींच ठरवून ठेवावें, असें आमची आजी म्हणे.) तेथून तिरोडीस जाणारा फांटा मात्र गांवास लागून निघतो आणि गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग अशा मँगनीजच्या मुलखांतून पुढें जातो. खाणींकडून येणाऱ्या वाघिणी आम्हां मुलांस नेहमीं अर्ध्यामुर्ध्या भरलेल्या दिसत, आणि कंपनीचे लोक आळशी आहेत असें आमच्या वर्गाचें एकमत होतें. पुढें घनतेचा धडा शिकवितांना गुरुजींनीं त्याच वाघिणींचें उदाहरण घेतलें. मँगनीजचा दगड इतका जड, कीं वाघीण कांठोकांठ भरण्यापूर्वींच तिच्या वजनाची मर्यादा संपते! तो धडा आम्ही आजतागायत विसरलों नाहीं. बाकीचें पदार्थविज्ञान आम्ही सर्वांप्रमाणें घोकूनच पास झालों.

मॅट्रिक झाल्यावर पुढें काय, याचें उत्तर काकांनीं ठरवूनच ठेविलें होतें. वडील आमच्या लहानपणींच वारलेले. एकत्र कुटुंबाचा भार काकांवर, आणि ते कचेरींत हेडक्लार्क. त्यांच्या ओळखीनें एक जागा मिळण्यासारखी होती. आम्हीं मात्र लोकोशेडांतील क्लीनरच्या जागेसाठीं अर्ज केला. काकांस कोळशाचें तितकें वाईट वाटलें नाहीं, जितकें रनिंग रूममधील जेवणाचें. ‘कुणाच्या पंक्तीस बसशील, कुणाच्या हातचें खाशील?’ असें त्यांनीं विचारलें. त्यावर आजीनें एवढेंच विचारलें, ‘पगार वेळेवर होतो ना?’ घरांत शिकणारीं आणखी चार मुलें होतीं. त्या एका प्रश्नावर आमचें जाणें ठरलें. काकूंनीं मागील दारीं आमच्या कपड्यांसाठीं एक निराळी खुंटी ठोकून घेतली. काका मात्र पुढें कितीतरी वर्षें पाहुण्यांस ‘मुलगा रेल्वेंत आहे’ एवढेंच सांगत. रेल्वेंत कोठें, हें कोणी विचारल्यास विषय बदलीत.

शेडांतील पहिले महिने राख काढण्यांत आणि रॉकेलांत भिजविलेल्या सुताच्या बोळ्यानें इंजिनाचे दांडे पुसण्यांत गेले. थंड पडलेल्या इंजिनास वाफ धरावयास कित्येक तास लागत, म्हणून सकाळच्या गाडीची चूल मध्यरात्रींच पेटवावी लागे. आम्हांस ज्यांच्या हाताखालीं दिलें ते वृद्ध फायरमन तेलुगु होते; अक्षरओळख जेमतेम. कोळसा टाकावयाचा तो थोडा, वरचेवर आणि पातळ पसरून. दाराजवळचे कोपरे तेवढे जरा भरलेले ठेवावयाचे. धुराड्यांतून काळा लोट निघाला, कीं ते म्हणत, ‘पैसा जळतो आहे.’ फिकट करडा धूर त्यांस पसंत पडे.

चित्तरंजनच्या कारखान्यांत १९५० पासून तयार होऊं लागलेलीं डब्ल्यू. जी. जातीचीं मालगाडीचीं इंजिनें तेव्हां नवीं होतीं. त्यांच्या बॉयलरचा दाब चौरस इंचास २१० पौंड. त्या दाबाखालीं पाणी सुमारें २०० अंशांवर उकळतें. शाळेंत तर १०० अंश! आम्हीं घरीं येऊन जुनें पुस्तक काढलें. ‘सामान्य दाबास’ हे शब्द तेथें स्पष्ट छापलेले होते. वर्गांत घोकतांना ते कोणी म्हणत नसे. आमच्या फायरमननीं तें पुस्तक कधीं पाहिलें नव्हतें, पण पाणी दाखविणाऱ्या कांचेवरून त्यांची नजर क्षणभरहि ढळत नसे. पाणी भट्टीच्या माथ्याखालीं उतरलें तर तो पत्रा तापून मऊ होतो आणि पुढचा अनर्थ सांगावयास कोणी उरत नाहीं. त्यासाठीं माथ्यांत शिशाचें बूच बसविलेलें असे. तें वितळून वाफ भट्टींत शिरे व धोक्याची सूचना मिळे. हें बूच ज्याच्या पाळींत वितळलें, त्याला शेडांत तोंड दाखविणें कठीण होई.

तीं इंजिनें आतां इतिहासजमा झालीं. चित्तरंजन येथें वाफेचें शेवटचें इंजिन १९७२ सालीं तयार झालें, आणि रुंदमापी मार्गावरील नेहमींची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरांत बंद झाली. त्या भगिनींच्या पुतण्याच्या हातास काजळी लागावयाची नाहीं. रात्रींच्या पाळ्या, रनिंग रूम आणि प्रत्येक सिग्नल मोठ्यानें उच्चारण्याची शिस्त मात्र अद्याप तशीच आहे. सणावारीं पानावर त्याची जागा पुष्कळदां रिकामी राहील, हें घरांतील मंडळींनीं आधींच समजून असावें. पंक्तीचा प्रश्न त्यांनीं काढूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्यापेक्षां मुलाचे डोळे तपासून घ्यावे. या जागेस चष्म्यावांचून पूर्ण दृष्टि लागते आणि रंगांची पारखहि कसून पाहतात. अर्ज भरण्यापूर्वींच नागपुरास एखाद्या चांगल्या नेत्रवैद्यास दाखवून यावें.