नव्या शस्त्रक्रियेची आधी नोंद हवी

पुण्याच्या गॅलेक्सी केअर रुग्णालयात मे २०१७ मध्ये डॉ. शैलेश पुणतांबेकर यांच्या चमूने देशातले पहिले गर्भाशय प्रत्यारोपण केले. गर्भाशय देणारी रुग्णाची आईच होती. ऑक्टोबर २०१८ मध्ये याच रुग्णालयात प्रत्यारोपित गर्भाशयातून मूल जन्माला आले. या कौशल्याबद्दल वाद नाही. पण राज्य सरकारचा प्रत्यारोपण परवाना रुग्णालयाची सज्जता पाहतो. नवी शस्त्रक्रिया रुग्णाच्या हिताची आहे का, हे तो ठरवत नाही. गर्भाशयावाचून जीव जात नाही आणि धोका मात्र आई व मुलगी दोघींना असतो. म्हणून इथे छाननी अधिक कडक हवी. स्वीडनमध्ये मॅट्स ब्रेनस्ट्रोम यांनी अनेक वर्षे प्राण्यांवर काम केले, मगच नऊ स्त्रियांवर आखीव चाचणी घेतली. त्यांतल्या दोघींचे गर्भाशय काढावे लागले, हेही त्यांनी प्रसिद्ध केले.

नव्या औषधाच्या चाचणीला केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी आणि नीतिमत्ता समितीची मंजुरी लागते. नव्या शस्त्रक्रियेला ‘उपचार’ म्हटले की हे सारे टळते. प्रत्येक टाक्यासाठी समितीकडे जायचे का, असे शल्यविशारद विचारतात. तसे मुळीच नको. पण अवयव, मार्ग किंवा धोका बदलणारी शस्त्रक्रिया पहिल्या रुग्णापूर्वीच सार्वजनिक नोंदवहीत यावी आणि फसलेल्या प्रयत्नांसह तिचे निकाल जाहीर व्हावेत.

रूढ शस्त्रक्रियाही तपासाव्याच लागतात. गुडघ्याच्या संधिवातात दुर्बिणीने सांधा धुण्याची पद्धत जगभर चालत होती. ह्यूस्टनमध्ये १८० रुग्णांवर तिची चाचणी झाली; काहींना फक्त वरवरचा छेद दिला. ‘मला खोटी शस्त्रक्रिया मिळू शकते’ अशा अर्थाचे वाक्य रुग्णाने स्वतःच्या हाताने लिहायचे होते. दोन वर्षांनंतरही खरी आणि खोटी शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वेदनांत फरक नव्हता. २००२ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

असे हाताने लिहून देणे आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री इंग्रजी छापील फॉर्मवर सही करणे, यांत फार अंतर आहे. पनवेलच्या रुग्णाला पुणे जवळ आणि मुंबईही जवळ; नवे तंत्र त्याच्यापर्यंत लवकर पोहोचते. त्याच्या संमतिपत्रात मराठीत लिहिलेले असावे की ही पद्धत नवी आहे, या डॉक्टरांनी ती किती वेळा केली, त्यांतल्या किती जणांना त्रास झाला आणि जुना पर्याय कोणता.

– एक वाचक, पनवेल