आकड्यांच्या वहीत आमच्या आयाबहिणी कोठे आहेत?

देशाचे सरासरी आयुर्मान ७० वर्षांवर गेले, असा डंका सरकारी कचेऱ्यांतून पिटला जातो. सरकारच्या नमुना नोंदणी पाहणीतील २०१६ ते २०२० या पाच वर्षांचा हिशेब काढून पाहावा, तर आकडा ७०.० असाच आहे. पुरुषाचे आयुष्य ६८.६ वर्षे आणि बाईचे ७१.४ वर्षे. हा आकडा खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्या दशकात उल्हासनगर वसले त्या दशकात या देशात जन्मास येणाऱ्या मुलाचे अपेक्षित आयुष्य अवघे ३२ वर्षांचे होते. ते दुपटीहून अधिक वाढले, ही लहान गोष्ट नव्हे. देवी गेली, हिवतापाचा जोर मोडला, लस घरोघर पोहोचली. ज्यांनी हे काम केले त्या डॉक्टरांचे, परिचारिकांचे व दायांचे उपकार आम्ही विसरणार नाही. परंतु आमचा प्रश्न साधा आहे. हे ७० वर्षांचे आयुष्य कोणाच्या वाट्यास आले?

सरासरी म्हणजे काय, हे आमच्या शेतकरी बांधवांस सांगावयास पंडित नको. एका घरात दोन भाऊ जन्मले. एक दोन वर्षांचा होऊन गेला, दुसरा ७८ वर्षे जगला. सरासरी काढा, ४० वर्षे भरतात. आणि चाळिसाव्या वर्षी त्या घरात कोणीच मेले नाही! बंगल्यातला म्हातारा व झोपडीतले पोर यांची बेरीज करून निम्मी केली म्हणजे पोराचे दुःख निम्मे होत नाही, फक्त कागदावरून पुसले जाते. पूर्वी कुळकर्ण्याच्या दप्तरात व सावकाराच्या वहीत आमचे जमाखर्च असेच पुसले जात. आता दप्तर बदलले आहे, खोड बदललेली नाही.

हा आमचा नुसता संशय नव्हे. २०१०-११ सालच्या सरकारी आरोग्य पाहणीचे आकडे घेऊन संशोधकांनी उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान इत्यादी नऊ राज्यांतील आयुर्मान जातवार काढले व ते २०२२ साली प्रसिद्ध केले. त्यात काय निघाले? उच्चवर्णीय हिंदूंपेक्षा आदिवासींचे आयुष्य चार वर्षांहून अधिक कमी, दलितांचे तीन वर्षांहून अधिक कमी, मुसलमानांचे सुमारे एक वर्ष कमी. कोणी म्हणेल, ही जातीची नव्हे, गरिबीची गोष्ट आहे. संशोधकांनी तेही तपासले. ह्या तफावतीपैकी निम्मीदेखील नुसत्या गरिबीने उलगडत नाही. म्हणजे जन्माची जात माणसाच्या आयुष्याची वर्षे खाते, हे हिशेबाने सिद्ध झाले. महाराष्ट्र त्या नऊ राज्यांत नाही. फुले-शाहू-आंबेडकरांचे नाव घेतल्यावाचून ज्या प्रांतात पुढाऱ्यांचे भाषण सुरू होत नाही, त्या प्रांताच्या सरकारने असा हिशेब स्वतः होऊन मांडावयास नको काय?

आता आमच्या उल्हास खोऱ्याकडे पाहू. फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत आणून ठेवली आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. अंबरनाथास आगपेट्यांचा कारखाना, शस्त्रांचा कारखाना व मागाहून औद्योगिक वसाहत आली. बदलापूर तर २००१ साली ९७,९४८ वस्तीचे होते, ते २०११ साली १,७४,२२६ चे झाले. त्याच खानेसुमारीत उल्हासनगरची वस्ती ५,०६,०९८ व अंबरनाथची २,५३,४७५ भरली. तिन्ही मिळून ९ लाख ३३ हजार जीव! त्यात शिवणयंत्रावर वाकलेल्या बाया आहेत, कारखान्यातले कंत्राटी मजूर आहेत, जमीन गेलेले आगरी शेतकरी आहेत, डोंगराकाठचे ठाकूर-कातकरी आहेत. या सर्वांचे आयुर्मान किती? नमुना पाहणी राज्याचा आकडा देते. शहरी व ग्रामीण असा भेद करते. आमच्या गावाचा, आमच्या प्रभागाचा आकडा ती देत नाही. २०२१ साली व्हावयाची खानेसुमारी त्या साली झालीच नाही. अंबरनाथच्या हजार वर्षांच्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी रसायनांनी नासली. नोव्हेंबर २०१४ मध्ये त्याच नदीत ओतलेल्या विषारी द्रव्याच्या वाफेने उल्हासनगरातील शेकडो माणसे दवाखान्यात पोहोचली. नदीकाठच्या माणसाचे आयुष्य डोंगरउतारावरच्या सदनिकेतील माणसापेक्षा किती वर्षांनी तोकडे झाले, हे कोणी मोजले आहे काय?

साहेबलोक सांगतील की एवढा बारीक हिशेब काढावयास साधन नाही. हे धादांत खोटे आहे. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे. २१ दिवसांच्या आत मृत्यू कळवावा लागतो. त्या कागदात मेलेल्याचे वय, लिंग व पत्ता लिहिला जातो. आणि मृत बाई असेल तर आणखी एक प्रश्न असतो: मृत्यू गरोदरपणी, बाळंतपणात, की गर्भ संपल्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला? मायबापहो, हा प्रश्न नीट वाचा. आमच्या लेकीसुना कशाने मेल्या याचे उत्तर पालिकेच्या कपाटात कागदोकागदी पडलेले आहे. साधन आहे, उणीव आहे ती कपाट उघडणाऱ्या हातांची. शिवाय कारणाची नोंद करण्यात तरी कोठे कसोशी आहे? २०२० साली सबंध देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी अवघ्या २२.५ टक्क्यांचे कारण डॉक्टरच्या दाखल्याने लिहिले गेले. बाकीचे आमचे लोक 'ताप आला नि गेला' म्हणून जळतात वा पुरले जातात.

गर्भपाताच्या आकड्यांची गत याहून वाईट आहे. सरकारी नोंदीत देशभर वर्षास सुमारे ७ लाख गर्भपात दिसत. २०१८ सालच्या 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या वैद्यकीय मासिकात मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या व इतर संशोधकांनी २०१५ सालचा अंदाज छापला. दवाखान्यांची पाहणी व गोळ्यांच्या विक्रीचे आकडे जोडून त्यांनी काढलेली संख्या आहे १ कोटी ५६ लाख! सात लाख कोठे आणि दीड कोटी कोठे? वहीत एक लिहावा तर वहीबाहेर एकवीस राहावे, असा हा कारभार. त्या शंभरांपैकी दवाखान्यात झाले अवघे २२. दवाखान्याच्या दाराबाहेर गोळ्यांनी झाले ७३. उरलेले ५ इतर, बहुधा घातकी उपायांनी. दवाखान्यांची पाहणी झाली ती सहा राज्यांत, आणि येथेही महाराष्ट्र त्यांत नाही. संस्था देवनारला, आणि देवनारपासून रेल्वेच्या वाटेवरचे आमचे उल्हासनगर त्या पाहणीत नाही.

दुकानातील गोळी प्रत्येक वेळी घात करते असे आम्ही म्हणत नाही. योग्य दिवसांत, योग्य प्रमाणात व डॉक्टरच्या देखरेखीत ती निर्धोक आहे. म्हणूनच नऊ आठवड्यांपर्यंत ती लिहून देण्याची परवानगी डॉक्टरला आहे. घात होतो तो अज्ञानात, उशिरात व एकटेपणात. दिवस किती गेले हे ठाऊक नाही, गर्भ नळीत आहे की पिशवीत हे कोणी पाहिले नाही, पुडीवरचे अक्षर इंग्रजी. त्यात अंगात रक्त नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील निम्म्याहून अधिक बायांना पंडुरोग आढळला. अशी बाई रक्तस्राव होत असता दुसऱ्या दिवशी कामावर उभी राहते, कारण रजेचा पगार नाही. आणि मेलीच, तर तिचे मरण कोणत्या रकान्यात जाते? सरकारच्याच २००१-०३ च्या हिशेबात माता-मृत्यूंपैकी ८ टक्के गर्भपाताने झालेले होते. ज्यांनी खरे कारण लाजेने लपविले, त्या त्यात नाहीत.

लाज कोणी लादली? १८६० च्या दंडविधानात गर्भ पाडणे हा गुन्हा ठरविला व स्वतःचा गर्भ पाडणाऱ्या बाईलाही त्यात गुंतविले. आज दंडविधान गेले, न्यायसंहिता आली. पण ८८ व्या कलमात तेच वाक्य नांदत आहे. महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीने १९६६ साली अहवाल दिला, १९७१ साली गर्भपाताचा कायदा झाला, २०२१ साली तो सुधारला. आता २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. ठराविक कारणांस्तव दोघांच्या मताने २४ आठवड्यांपर्यंत सोय आहे. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविवाहितेलाही तोच हक्क दिला. सज्ञान बाईला नवऱ्याची सही लागत नाही, तिचे नाव फोडणे हा अपराध आहे, आणि सरकारी दवाखान्यास वेगळा परवाना लागत नाही. हे आमच्या किती भगिनींस ठाऊक आहे? कित्येक दवाखान्यांत आजही प्रथम विचारतात, 'नवरा कोठे आहे?' कायद्यात नसलेली अट दारावर बसवावयाची, बाई परत फिरली की ती औषधाच्या दुकानी जाणार हे माहीत असावयाचे, आणि मग वहीत सात लाख लिहून समाधान मानावयाचे! याला लोककल्याण म्हणतात काय?

येथे धर्ममार्तंड उठून म्हणतील, गर्भपात महापाप आहे. त्यांस आमचे उत्तर दीडशे वर्षांपूर्वीचे आहे. केशवपन केलेल्या विधवा गर्भ राहिला म्हणजे विहीर जवळ करीत किंवा अर्भकाच्या गळ्याला नख लावीत, तेव्हा पापाचे पोवाडे गाणाऱ्यांपैकी कोणी पुढे आला नाही. १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले ते जोतीराव फुल्यांनी, व त्या बायांची बाळंतपणे केली सावित्रीबाईंनी. बाईस दोष देऊन प्रश्न सुटत नाही, दार उघडल्याने सुटतो, हे त्या माळ्याच्या घराने शिकविले.

दुसरा आक्षेप आमच्याच लोकांचा आहे आणि तो आम्ही झाकून ठेवणार नाही. 'मोकळीक दिली तर मुलींचा संहार होईल.' बांधवांनो, मुलगी नको म्हणून गर्भ तपासणे हा निराळा गुन्हा आहे. त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ सालीच, देशात पहिला, कायदा केला. तो संहार कोण करतो? शाहू छत्रपतींच्या कोल्हापूर जिल्ह्यात २००१ साली सहा वर्षांखालील हजार मुलांमागे ८३९ मुली उरल्या होत्या, २०११ साली ८६३. सबंध महाराष्ट्रात तोच आकडा ९१३ वरून ८९४ वर घसरला. हे उसाचे व दुधाचे पैसे हाती आलेल्या आमच्याच घरांचे कर्म आहे. सत्यनारायण सोडला पण वंशाचा दिवा सोडला नाही, तर आपण काय सुधारलो? गर्भलिंग तपासणाऱ्याला धरा, त्याला तुरुंगात घाला. पण चौथे पोर पोसण्याची ताकद नाही म्हणून दवाखान्याच्या पायरीवर आलेल्या मजूर बाईला त्याच्या पापाची शिक्षा देऊ नका.

आणि पुरुषांनो, एक आकडा तुमच्यासाठी. त्याच कुटुंब पाहणीत देशातील ३७.९ टक्के विवाहित बायांची नसबंदी झालेली होती. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा आहे ०.३ टक्के. बायांची शस्त्रक्रिया पोट उघडून, पुरुषांची त्याहून कितीतरी सोपी. तरीही भार बाईवर, रक्त बाईचे, आणि पाप म्हणून बोट बाईकडेच!

तात्पर्य, आमची मागणी उल्हासनगरची महानगरपालिका व अंबरनाथ आणि बदलापूर येथील पालिका या तिघींकडे आहे. पहिली, दरसाल प्रभागवार मृत्यूंचा तक्ता, वय, लिंग व कारणासह, नावे वगळून, पालिकेच्या दारावर लावावा; गरोदरपणात व गर्भ संपल्यावर मेलेल्या बायांचा रकाना त्यात स्वतंत्र असावा. दुसरी, प्रत्येक सरकारी दवाखान्यात मराठी, हिंदी व सिंधी अक्षरांत पाटी असावी: गर्भपाताची सेवा कोणत्या दिवशी मिळते, खर्च किती, आणि नवऱ्याची सही लागत नाही. तिसरी, रक्तस्राव होऊन आलेल्या बाईला प्रथम उपचार व्हावा, उलटतपासणी नव्हे.

मागून मिळाले नाही तर हक्काने घ्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज १० रुपयांत होतो आणि ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. प्रत्येक आळीतून एक शिकलेली मुलगी पुढे करा आणि तिच्याकडून एकच प्रश्न लिहून घ्या: 'गेल्या पाच वर्षांत आमच्या प्रभागात किती बाया मेल्या, कोणत्या वयात, आणि त्यांपैकी किती गरोदर होत्या किंवा गर्भ संपून सहा आठवडे झाले नव्हते?' मते मागावयास येणाऱ्या प्रत्येकाच्या हाती ते उत्तर द्या आणि त्याला तेथेच मोठ्याने वाचावयास लावा.